बॅलीकॅरी येथील प्रेसबिटेरियन मंडळी

बॅलीकॅरी येथील प्रेसबिटेरियन मंडळी : आयर्लंडमधील सर्वांत जुनी मानली जाणारी ग्रामीण प्रेसबिटेरियन धर्ममंडळी. बॅलीकॅरी हे खेडे उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यात, लार्न व कॅरिकफर्गस या गावांच्या दरम्यान, लार्न खाडीच्या पश्चिमेकडील चढावर वसलेले आहे. खाडीच्या पलीकडे आयलंडमगी हे द्वीपकल्प दिसते. या परिसरास पूर्वी ब्रॉडआयलंड असे म्हणत आणि मंडळीही दीर्घकाळ त्याच नावाने ओळखली जाई. एडवर्ड ब्राइस (सु. १५६९–१६३६) या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १६१३ मध्ये येथे उपदेशास प्रारंभ केला व तेच मंडळीच्या स्थापनेचे वर्ष मानले जाते. राजसत्तेचा रोष, अधिकृत चर्चचे निर्बंध, सशस्त्र उठाव आणि अंतर्गत मतभेद या सर्वांतून ही मंडळी टिकून राहिली. त्यामुळे एका लहानशा खेड्यातील या मंडळीच्या इतिहासात अल्स्टरमधील प्रेसबिटेरियन समाजाच्या चार शतकांच्या इतिहासाचे प्रतिबिंब पहावयास मिळते.

प्रेसबिटेरियन व्यवस्था : ‘प्रेसबिटर’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वडील’ असा आहे. जॉन कॅल्व्हिनच्या (१५०९–६४) शिकवणुकीवर आधारलेल्या आणि जॉन नॉक्सच्या नेतृत्वाखाली १५६० मध्ये स्कॉटलंडमध्ये रुजलेल्या या पंथात बिशपसारख्या श्रेष्ठ अधिकाऱ्यास स्थान नाही. मंडळीतील सभासद आपला पाळक स्वतः पसंत करून त्यास पाचारण करतात. पाळक आणि मंडळीतून निवडलेले वडील मिळून मंडळीचा कारभार पाहतात. त्यांच्या सभेस ‘सेशन’ म्हणतात. आसपासच्या अनेक मंडळ्यांच्या प्रतिनिधींची ‘प्रेसबिटरी’, तिच्यावर ‘सिनॉड’ आणि सर्वांत वर महासभा अशी ही चढती रचना असते. प्रत्येक पायरीवर पाळकांबरोबर सामान्य शेतकरी वा व्यापारी असलेले वडीलही मतदान करतात. धर्मसंस्थेचा प्रमुख ख्रिस्त असून राजा नव्हे, ही भूमिका या रचनेच्या मुळाशी आहे. इंग्लंडच्या राजांना हा पंथ सतत संशयास्पद वाटला, याचे कारण त्याच्या धर्ममतांपेक्षा त्याच्या या रचनेत अधिक होते. [→ प्रॉटेस्टंट पंथ].

स्थापना : सतराव्या शतकाच्या प्रारंभी आयर्लंडच्या उत्तर भागात स्कॉटलंड व इंग्लंडमधून मोठ्या प्रमाणावर वसाहत करण्यात आली. अल्स्टरच्या सहा परगण्यांत ही वसाहत सरकारी योजनेने झाली, तर अँट्रिम व डाउन या परगण्यांत ती प्रामुख्याने खाजगी जमीनदारांनी केली. स्कॉटलंडचा किनारा येथून जवळ असल्याने स्कॉटिश कुटुंबे होड्यांतून सहज ये-जा करीत. डंट्रीथ येथील विल्यम एडमन्स्टन याने १६०९ मध्ये ब्रॉडआयलंड येथे जमीन भाडेपट्ट्याने घेतली व आपल्याबरोबर स्कॉटिश कुळे आणून वसविली. या भूमीवर पूर्वीपासून राहणाऱ्या गेलिक भाषिक कॅथलिक रहिवाशांचे हक्क या प्रक्रियेत डावलले गेले. पुढील काळातील संघर्षाची बीजे येथेच पेरली गेली.

एडवर्ड ब्राइस हा स्टर्लिंगशरमधील एअर्थ येथला. एडिंबरो विद्यापीठात शिक्षण घेऊन तो प्रथम बॉथकेनर येथे व १६०२ पासून ड्रायमेन येथे पाळक झाला. स्कॉटलंडच्या चर्चवर बिशपांचा अधिकार पुन्हा लादण्याचा सहाव्या जेम्सचा (इंग्लंडचा पहिला जेम्स) प्रयत्न त्या वेळी चालू होता. ग्लासगोचा आर्चबिशप जॉन स्पॉटिसवुड याला क्लाइड्सडेलच्या सिनॉडचे कायम अध्यक्षपद देण्यास ब्राइसने १६०७ मध्ये उघड विरोध केला. पुढे व्यभिचाराचा आरोप ठेवून त्यास डिसेंबर १६१३ मध्ये पदच्युत करण्यात आले. ही कारवाई स्पॉटिसवुडच्याच अधिकाराखाली झाली असल्याने तिच्यामागे पूर्वीचे वैर होते, असे ब्राइसच्या बाजूचे लोक मानीत. ब्राइस त्याच वर्षी एडमन्स्टनच्या आश्रयाने ब्रॉडआयलंडला येऊन राहिला.

येथील त्याच्या स्थानात एक चमत्कारिक विसंगती होती. आयर्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये बिशपांची व्यवस्था होती. पण उत्तरेकडे पाळकांची मोठी उणीव होती. डाउन व कॉनर या धर्मप्रांताचा बिशप रॉबर्ट एक्लिन हा स्वतः स्कॉटिश असून त्याने या उपदेशकांना आपल्या धर्मप्रांतात सामावून घेतले. ब्राइसला टेंपलकोरन येथील जुने चर्च मिळाले आणि १६१९ मध्ये किलरूटच्या प्रिबेंडचे, म्हणजे कॅथीड्रलशी निगडित अशा उत्पन्नाचे, पदही मिळाले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो अधिकृत चर्चचा सेवक होता, तर श्रद्धेने व आचाराने प्रेसबिटेरियन होता. डाउन व अँट्रिम परगण्यांत रॉबर्ट ब्लेअर, जॉन लिव्हिंग्स्टन, जोसायस वेल्श इ. पाळकांचे स्थानही असेच होते. ब्लेअरला १६२३ मध्ये बँगोर येथे दीक्षा देताना बिशप एक्लिन इतर पाळकांच्या रांगेत केवळ एक प्रेसबिटर म्हणून सामील झाला आणि दोन्ही बाजूंनी आपापल्या समजुतीप्रमाणे त्या विधीचा अर्थ लावला. अशा परस्पर सामंजस्यावर ही व्यवस्था सु. वीस वर्षे चालली. १६२५ नंतर सिक्समाइल नदीच्या खोऱ्यात धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. तिच्यात अँट्रिम येथे भरणाऱ्या पाळकांच्या मासिक सभेचा वाटा मोठा होता. ब्राइस या पिढीतील सर्वांत वडील उपदेशक होता. श्रोत्याच्या अंतःकरणातील ख्रिस्तजीवनावर त्याचा विशेष भर असे, अशी नोंद लिव्हिंग्स्टनने केली आहे.

ब्राइसची पदच्युती : पहिल्या चार्ल्सच्या (कार. १६२५–४९) काळात हे सामंजस्य संपुष्टात आले. आयर्लंडचा राजप्रतिनिधी टॉमस वेंटवर्थ आणि डेरीचा बिशप जॉन ब्रॅमहॉल यांनी आयर्लंडच्या चर्चला इंग्लंडच्या चर्चशी तंतोतंत जुळविण्याचे धोरण स्वीकारले. १६३४ मध्ये इंग्लंडच्या चर्चची एकोणचाळीस धर्मकलमे आयर्लंडमध्ये लागू करण्यात आली व नवे नियमही संमत झाले. एक्लिननंतर बिशप झालेल्या हेन्री लेस्लीने ऑगस्ट १६३६ मध्ये बेलफास्ट येथे धर्मगुरूंची सभा बोलावून या नियमांवर सह्या करण्याची मागणी केली. ब्राइस, रॉबर्ट कनिंगहॅम, जॉन रिज, हेन्री कॉल्व्हर्ट व जेम्स हॅमिल्टन या पाच जणांनी सही करण्यास नकार दिला. त्यांच्या वतीने हॅमिल्टनने बिशपाशी जाहीर वादविवाद केला. प्रभुभोजन स्वीकारताना गुडघे टेकावेत की नाही, हा त्यातील प्रमुख प्रश्न होता. आज हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि जेवणाच्या मेजाभोवती बसलेले समान दर्जाचे पाहुणे म्हणून प्रभुभोजन घ्यावयाचे, की वेदीपुढे नतमस्तक होऊन, या प्रश्नात धर्मसंस्थेच्या स्वरूपाविषयीच्या दोन कल्पना सामावलेल्या होत्या. वाद अर्ध्यावरच थांबविण्यात आला व पाचही जणांना त्या धर्मप्रांतात कायमची उपदेशबंदी करण्यात आली. सदुसष्ट वर्षांचा ब्राइस त्याच वर्षी मरण पावला. टेंपलकोरनच्या चर्चमध्ये त्याचे दफन झाले असून १६१३ पासून मृत्यूपर्यंत त्याने या गावात केलेल्या सेवेचा उल्लेख त्याच्या स्मृतिलेखात आहे.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ब्लेअर, लिव्हिंग्स्टन आदी पाळकांसह सु. १४० जण ‘ईगल विंग’ या जहाजातून अमेरिकेस निघाले. परंतु अटलांटिकमधील वादळांमुळे त्यांना परतावे लागले. मंडळीला पाळक राहिला नाही आणि तिचे चर्चही तिच्या हाती राहिले नाही.

उठाव आणि पुनर्रचना : ऑक्टोबर १६४१ मध्ये आयर्लंडमधील कॅथलिकांनी उठाव केला व त्यात अल्स्टरमधील अनेक वसाहतवाले मारले गेले. याचा सूड म्हणून जानेवारी १६४२ मध्ये बॅलीकॅरीसमोरील आयलंडमगी येथे कॅथलिक रहिवाशांची कत्तल झाली. ती कॅरिकफर्गसच्या बाजूने आलेल्या सैनिकांनी व वसाहतवाल्यांनी केली. मृतांच्या संख्येविषयी तीव्र मतभेद असून ती तीसच्या आसपास असल्याचे व हजारोंच्या घरात असल्याचे असे दोन्ही दावे पुढे करण्यात आले. मोठे आकडे आधुनिक संशोधकांना ग्राह्य वाटत नाहीत. तथापि निरपराध माणसे मारली गेली, याविषयी दुमत नाही. छळ सोसलेल्या समाजाच्या हातून छळ घडल्याचे हे उदाहरण या परिसराच्या इतिहासातून वगळता येत नाही.

उठाव मोडण्यासाठी मेजर-जनरल रॉबर्ट मन्रो याच्या नेतृत्वाखाली स्कॉटिश फौज आली. तिच्या पलटणींबरोबर आलेले पाच धर्मोपदेशक व चार वडील यांनी १० जून १६४२ रोजी कॅरिकफर्गस येथे आयर्लंडमधील पहिली प्रेसबिटरी स्थापन केली. ब्रॉडआयलंडच्या मंडळीस ‘पहिली’ म्हणावे की नाही, हा वाद या घटनेमुळे उद्‌भवतो. संघटित प्रेसबिटेरियन चर्चचा आरंभ १६४२ मध्ये झाला, हे खरे. पण प्रेसबिटेरियन मताच्या पाळकाभोवती जमलेल्या उपासकसमूहाचा आरंभ ब्राइसच्या आगमनापासून धरावा लागतो. या दुसऱ्या अर्थानेच बॅलीकॅरीला अग्रमान दिला जातो.

१६६० मध्ये राजेशाही पुन्हा प्रस्थापित होताच बिशपांची व्यवस्थाही परत आली. डाउन व कॉनरचा नवा बिशप जेरेमी टेलर हा धार्मिक सहिष्णुतेचा पुरस्कर्ता म्हणून साहित्यक्षेत्रात प्रसिद्ध होता. परंतु बिशपाची दीक्षा नाकारणाऱ्या पाळकांची छत्तीस चर्च त्याने एकाच दिवशी रिक्त म्हणून घोषित केली. अल्स्टरमध्ये १६६१ च्या सुमारास एकूण साठाच्या आसपास पाळकांना आपापली स्थाने सोडावी लागली. यानंतर प्रेसबिटेरियन लोक शेतांत, कोठारांत व खाजगी घरांत उपासनेसाठी जमू लागले आणि विरोध सौम्य झाल्यावर त्यांनी साधी सभागृहे बांधली. आपल्या उपासनास्थानास ‘चर्च’ न म्हणता ‘सभागृह’ म्हणण्याची त्यांची प्रथा याच काळात दृढ झाली. दुसऱ्या चार्ल्सने १६७२ मध्ये पाळकांना ‘रेजियम डोनम’ (राजदान) ही वार्षिक रक्कम मंजूर केली. तिसऱ्या विल्यमने १६९० मध्ये ती १,२०० पौंड केली. त्याच वर्षी अल्स्टरच्या सिनॉडच्या नियमित सभांना प्रारंभ झाला.

स्विफ्ट आणि किलरूट : गव्हांची मळणी व तागाच्या कापडाची विणाई करणाऱ्या या परिसराचा इंग्रजी साहित्याशी एक अनपेक्षित संबंध आहे. ब्राइसने ज्या किलरूटच्या प्रिबेंडचे पद भूषविले होते, तेच पद १६९५ मध्ये जॉनाथन स्विफ्ट (१६६७–१७४५) या तरुण धर्मगुरूस मिळाले. किलरूट, टेंपलकोरन व बॅलीन्यूअर यांचा त्यात समावेश होता. टेंपलकोरनचे चर्च एव्हाना मोडकळीस आले होते. परगण्यातील बहुसंख्य लोक प्रेसबिटेरियन असल्याने स्विफ्टला श्रोते फारच थोडे लाभत. कायद्याने सर्व दशमांश कर त्याच्या चर्चकडे जाई आणि लोक मात्र दुसऱ्या सभागृहात जात. सु. एका वर्षातच कंटाळून त्याने किलरूट सोडले. १७०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अ टेल ऑफ अ टब या उपरोधप्रचुर ग्रंथातील ‘जॅक’ हे पात्र कॅल्व्हिनपंथीयांचे विडंबन आहे. प्रेसबिटेरियनांना नागरी हक्क देण्यास त्याने जो आयुष्यभर विरोध केला, त्यामागे या ओसाड चर्चमधील अनुभव असावा, असे मानले जाते.

उपासना व ग्रामजीवन : अठराव्या शतकातील अल्स्टरच्या ग्रामीण मंडळ्यांचे जीवन सामान्यतः एकाच धाटणीचे होते. सभागृहात वेदी, मूर्ती, चित्रे वा वाद्ये नसत. मध्यभागी उंच व्यासपीठ असे व त्याखाली बसलेला ‘प्रिसेंटर’ म्हणजे गायक स्तोत्राची एकेक ओळ म्हणे आणि मंडळी ती मागाहून गाई. छापील प्रार्थना वाचण्याऐवजी पाळक स्वयंस्फूर्त प्रार्थना करी. प्रवचने दीर्घ असत. रविवारी दोन प्रवचनांच्या मधल्या वेळेत दूरवरून पायी आलेली कुटुंबे सभागृहाच्या आवारात बसून आणलेली शिदोरी खात.

प्रभुभोजन वर्षातून एक-दोनदाच होई व त्याची तयारी कित्येक दिवस चाले. वडील मंडळी घरोघर जाऊन सभासदांच्या ज्ञानाची व वर्तनाची चौकशी करीत आणि पात्र ठरलेल्यांना शिशाचे लहानसे बिल्ले देत. विधीच्या दिवशी बिल्ला दाखविल्याखेरीज पांढऱ्या वस्त्राने झाकलेल्या लांब मेजाजवळ बसता येत नसे. सेशनपुढे मद्यपान, भांडणे, शब्बाथभंग, विवाहबाह्य संबंध, देण्याघेण्यातील फसवणूक अशी प्रकरणे येत. दोषी ठरलेल्यास भर मंडळीपुढे उभे राहून पश्चात्ताप व्यक्त करावा लागे. ही शिस्त पुष्कळदा कठोर व विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत अन्यायकारक असे. दुसऱ्या बाजूने, गावातील अनाथ व विधवा यांच्या निर्वाहासाठी मंडळीत जमणारा निधी हाच एक आधार असे आणि त्याचा हिशेबही सेशनच ठेवी. प्रत्येकास बायबल वाचता आले पाहिजे, या आग्रहामुळे विणकर व कुळे यांच्यातही साक्षरता पसरली.

बॅलीकॅरीच्या लोकांची बोली स्कॉट्स भाषेचा अल्स्टरमधील प्रकार होती. शेती लहान असल्याने बहुतेक घरांत हातमाग असे व तागाच्या कापडावर खंड भागवला जाई.

निर्बंध आणि स्थलांतर : कॅथलिकांइतके नसले, तरी प्रेसबिटेरियनांवरही पुष्कळ निर्बंध होते. १७०४ च्या कायद्याने अधिकृत चर्चच्या पद्धतीने प्रभुभोजन घेतल्याखेरीज कोणासही सरकारी अथवा नगरपालिकेचे पद धारण करता येईना. ही अट १७८० मध्ये रद्द झाली. १७१९ च्या सहिष्णुता कायद्याने त्यांच्या उपासनेस संरक्षण मिळाले. परंतु त्यांच्या पाळकांनी लावलेले विवाह धर्मन्यायालये अवैध मानीत व अशा दांपत्यांवर खटले भरले जात. १७३७ च्या कायद्याने दोन्ही पक्ष प्रेसबिटेरियन असल्यास काही सवलत मिळाली, तर मिश्र विवाहांचा प्रश्न १८४४ च्या कायद्याने सुटला. अधिकृत चर्चला दशमांश मात्र सर्वांनाच द्यावा लागे.

या निर्बंधांना खंडवाढ, अवर्षण व ताग-व्यापारातील मंदी यांची जोड मिळाली आणि १७१८ पासून अल्स्टरमधील प्रेसबिटेरियन मोठ्या संख्येने अमेरिकेस जाऊ लागले. अमेरिकन क्रांतीपर्यंत त्यांची संख्या लाखाच्या वर गेली होती, असे सामान्यतः मानले जाते. त्यांनी पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया व कॅरोलायना येथील डोंगराळ भागांत आपल्या मंडळ्या स्थापन केल्या. अमेरिकेचा सातवा अध्यक्ष अँड्रू जॅक्सन याचे आईवडील १७६५ मध्ये कॅरिकफर्गसजवळून तिकडे गेले होते.

बँकहेडची कारकीर्द : जॉन बँकहेड (१७३८–१८३३) याला १६ ऑगस्ट १७६३ रोजी बॅलीकॅरीचा पाळक म्हणून दीक्षा देण्यात आली व मृत्यूपर्यंत, म्हणजे सत्तर वर्षे, तो त्या पदावर राहिला. त्याला दोन विवाहांपासून बावीस अपत्ये झाली. अल्स्टरच्या सिनॉडने १८०० मध्ये त्यास अध्यक्ष म्हणून निवडले. वेस्टमिन्स्टर येथे १६४६ मध्ये तयार झालेला ‘विश्वासाचा जाहीरनामा’ पाळकांनी सही करून मान्य करावा की नाही, या प्रश्नावर अल्स्टरमध्ये १७२० पासून वाद चालू होता. १७०५ मध्ये जॉन ॲबर्नेथी व त्याच्या सहकाऱ्यांनी स्थापिलेल्या बेलफास्ट सोसायटीचे म्हणणे असे, की माणसांनी रचलेल्या कोणत्याही सूत्रावर सही करण्याची सक्ती विवेकबुद्धीच्या विरुद्ध आहे. सही न करणारे १७२५ मध्ये अँट्रिमच्या वेगळ्या प्रेसबिटरीत टाकले गेले व पुढच्या वर्षी त्यांना सिनॉडमधून अलग करण्यात आले. बँकहेडने मधला मार्ग पत्करला. त्याने जाहीरनाम्यास मान्यता दिली. मात्र ती स्वतःच्या शब्दांत. १७८६ मध्ये त्याने एक प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणपुस्तक प्रसिद्ध केले. ग्रामीण मंडळ्यांतील धर्ममते जुन्या कॅल्व्हिनवादापासून किती दूर सरकत होती, याचा पुरावा म्हणून ते अभ्यासकांना महत्त्वाचे वाटते.

१७९८ चा उठाव : बेलफास्ट येथे १७९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘युनायटेड आयरिशमेन’ या संघटनेने कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्या ऐक्याचा आणि पार्लमेंटच्या सुधारणेचा, पुढे प्रजासत्ताकाचा, पुरस्कार केला. तिला अँट्रिम व डाउनमधील प्रेसबिटेरियनांचा मोठा पाठिंबा होता. ज्या परिसरात दीडशे वर्षांपूर्वी कॅथलिकांची कत्तल झाली होती, तेथील तरुण आता त्यांच्याशी ऐक्याची शपथ घेत होते, हे लक्षणीय आहे. ७ जून १७९८ रोजी हेन्री जॉय मक्रॅकनच्या नेतृत्वाखाली अँट्रिम गावावर झालेल्या हल्ल्यात बॅलीकॅरीचे लोकही निघाले होते. हल्ला फसला. विल्यम नेल्सन या सोळा वर्षांच्या मुलास बॅलीकॅरीतच फाशी देण्यात आले. त्याचे दफन टेंपलकोरनच्या दफनभूमीत झाले. ग्रेअ‍ॅबीचा पाळक जेम्स पोर्टर यालाही त्याच्या सभागृहाजवळ फाशी झाली व इतर अनेक पाळक तुरुंगात गेले.

या उठावात सामील झालेला जेम्स ऑर (१७७०–१८१६) हा बॅलीकॅरीचा विणकर कवी. पराभवानंतर तो काही काळ अमेरिकेस गेला व परत येऊन मागावर बसला. १८०४ मध्ये त्याचा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला आणि मरणोत्तर दुसरा संग्रह १८१७ मध्ये निघाला. ‘डोनेगोर हिल’ या कवितेत त्याने शौर्याच्या गर्जना करून ऐन वेळी पळालेल्यांची, आपल्याच सोबत्यांची, थट्टा केली आहे, तर ‘द पॅसेंजर्स’मध्ये अमेरिकेस निघालेल्या स्थलांतरितांच्या प्रवासाचे चित्रण आहे. अल्स्टर-स्कॉट्स बोलीतील सर्वश्रेष्ठ कवींत त्याची गणना होते. ब्राइस व नेल्सन यांच्याप्रमाणे तोही टेंपलकोरन येथे चिरनिद्रा घेत आहे. फ्रीमेसन बांधवांनी १८३१ मध्ये त्याच्या थडग्यावर स्मारक उभारले.

उठाव मोडण्यात ज्याचा मोठा वाटा होता, तो लॉर्ड कॅसलरे (१७६९–१८२२) प्रेसबिटेरियन घराण्यातच जन्मला होता. पाळकांना सरकारनिष्ठ करण्यासाठी १८०३ मध्ये राजदानाची पुनर्रचना झाली, तीमागे त्याचाच हात होता. मंडळ्यांची १००, ७५ व ५० पौंड अशा तीन वर्गांत विभागणी करून पाळकांना वेतन ठरविण्यात आले. १८२२ मध्ये कॅसलरेने आत्महत्या केली, तेव्हा ज्याच्या हातांत त्याने प्राण सोडला, तो त्याचा वैद्य चार्ल्स बँकहेड हा बॅलीकॅरीच्या पाळकाचा मुलगा होता.

मंडळीतील फूट : विल्यम ग्लेंडी याची बँकहेडचा साहाय्यक व वारस म्हणून १८१२ मध्ये नेमणूक झाली. पुढील दशकात सिनॉडमध्ये धर्मश्रद्धेचा वाद पुन्हा पेटला. हेन्री कुक (१७८८–१८६८) याने त्रैक्याच्या सिद्धांतावर अढळ श्रद्धा असलेल्यांनाच पाळकपद द्यावे असा आग्रह धरला, तर हेन्री माँगमरी (१७८८–१८६५) याने विवेकस्वातंत्र्याचा पक्ष मांडला. कुकचा विजय झाला. माँगमरी व त्याचे अनुयायी बाहेर पडले आणि मे १८३० मध्ये त्यांनी सतरा मंडळ्यांचा ‘रिमॉन्स्ट्रंट सिनॉड’ स्थापन केला. ग्लेंडीच्या नेतृत्वाखाली बॅलीकॅरीची मंडळी त्यात सामील झाली. ज्यांना हा निर्णय मानवला नाही, त्यांनी अल्स्टरच्या सिनॉडशी निष्ठा राखून त्याच गावात वेगळी मंडळी उभी केली. भाऊबंद व शेजारी दोन सभागृहांत विभागले गेले. जुन्या सभागृहांच्या मालकीविषयी आयर्लंड व इंग्लंडमध्ये अनेक दावे उभे राहिले. अखेर एखाद्या मंडळीत पंचवीस वर्षे जी शिकवण चालू असेल, तिच्याच आधारे तिचा मालमत्तेवरील हक्क ठरवावा, असे १८४४ च्या कायद्याने निश्चित केले.

जुनी मंडळी १९१० मध्ये स्थापन झालेल्या ‘नॉन-सबस्क्रायबिंग प्रेसबिटेरियन चर्च ऑफ आयर्लंड’चा भाग बनली. दुसरी मंडळी १८४० मध्ये अल्स्टरचा सिनॉड व सिसेशन सिनॉड यांच्या एकीकरणातून निर्माण झालेल्या ‘प्रेसबिटेरियन चर्च इन आयर्लंड’मध्ये गेली. १८६९ च्या कायद्याने आयर्लंडमधील अधिकृत चर्चचे विशेष स्थान संपुष्टात आले व त्याबरोबर राजदानही बंद झाले. तेव्हापासून सर्व मंडळ्या केवळ सभासदांच्या वर्गणीवर चालू लागल्या. दोन्ही मंडळ्या आपला उगम ब्राइसपर्यंत नेतात. १६१३ च्या घटनेस २०१३ मध्ये चारशे वर्षे पूर्ण झाली.

भारताशी संबंध : १८४० च्या जुलैमध्ये भरलेल्या एकत्रित चर्चच्या पहिल्याच महासभेने जेम्स ग्लासगो व अलेक्झांडर कर या दोघांना मिशनरी म्हणून भारतात पाठविण्याचे ठरविले. मुंबईत कार्य करणारा स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन (१८०४–७५), ज्याच्या नावाने पुढे विल्सन महाविद्यालय प्रसिद्धीस आले, याने काठेवाड हे क्षेत्र सुचविले होते. १८४१ मध्ये राजकोट येथे कार्यास प्रारंभ झाला. पण कर त्याच वर्षी मरण पावला. पुढे गुजरातमध्ये बोरसद इ. ठिकाणी या मिशनने शेतकरी ख्रिस्ती मंडळ्या वसविल्या. त्या १९७० मध्ये ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’मध्ये विलीन झाल्या. वडिलांच्या सभेमार्फत मंडळीचा कारभार पाहण्याची जी प्रथा पश्चिम भारतातील काही ख्रिस्ती मंडळ्यांत रूढ झाली, तिचा एक उगम अल्स्टरच्या अशा खेड्यांत सापडतो.

महत्त्व : बॅलीकॅरीच्या मंडळीने मोठा धर्मपंडित किंवा भव्य वास्तू निर्माण केली नाही. तिचे महत्त्व वेगळ्या कारणांसाठी आहे. सही करावी की नाही, हा एकच प्रश्न तिच्यापुढे पुन:पुन्हा उभा राहिला. १६३६ मध्ये तो बिशपाने विचारला, १७९८ मध्ये तो शपथेच्या रूपाने आला आणि १८२९ मध्ये तो तिच्याच सिनॉडने विचारला. प्रत्येक वेळी तिच्यातील काहींनी उपजीविका, घरदार वा प्राण गमावूनही स्वतःच्या विवेकाप्रमाणे उत्तर दिले आणि प्रत्येक वेळी हे उत्तर सर्वांचे एकच नव्हते. धर्मसत्तेविरुद्ध विवेकस्वातंत्र्याचा दावा करणाऱ्या परंपरेस तोच दावा आपल्या पोटातील मतभेदांबाबत मान्य करणे किती कठीण जाते, हे तिच्या फुटीवरून दिसते. टेंपलकोरनच्या भग्न भिंतींच्या परिसरात पहिला पाळक, फाशी गेलेला मुलगा व विणकर कवी यांची थडगी आहेत. गावातील दोन्ही मंडळ्यांचे लोक या एकाच दफनभूमीस आपल्या पूर्वजांचे स्थान मानतात.